पट आणि अंतर

पुण्याहून दौंडकडे निघालेली लोकल यवत सोडते, मग खुटबाव येते आणि मग केडगाव. खिडकीतून पाहणाऱ्याला इथे गाव असे एकगठ्ठा दिसत नाही. ऊस दिसतो, उसाच्या कडेला दोन-चार घरे, पुन्हा ऊस, एखाद्या गुऱ्हाळाचा धूर, आणखी चार घरे. गावठाण आहे, देऊळ आहे, चावडी आहे, पण माणसे बरीचशी मळ्यांत पांगलेली. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांची यादी काढून वाचली तरी हे कळते. यादीत गावांच्या नावांइतकीच 'अमुक वस्ती', 'तमुक मळा' अशी नावे येतात. भावकीच्या आडनावावरून वस्तीचे नाव पडते आणि वस्तीवरून शाळेचे. अशा शाळेत पहिली ते चौथीची किंवा पाचवीची मिळून दहा, बारा, फार तर अठरा मुले असतात.

गेली काही वर्षे या शाळांविषयी एकच प्रश्न विचारला जातो: बारा मुलांसाठी इमारत, दोन शिक्षक, पोषण आहार आणि वीजबिल कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. पण तो विचारणाऱ्यांना आणखी एक प्रश्न सुचत नाही. बारा मुलांची शाळा मुळात तिथे आली कशी? ती कोणाच्या चुकीने किंवा लाडाने आलेली नाही. तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराचसा कागदावर आहे.

आधी पाण्याचे सांगतो, कारण या मुलखात सगळ्याच गोष्टी पाण्यापासून सुरू होतात. खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात झाले आणि मुठेचा उजवा कालवा लोणी, उरुळी, यवत या बाजूने पाटसपर्यंत आला. त्याआधी ही भीमथडीची कोरडवाहू जमीन. बाजरी, ज्वारी आणि दुष्काळ. अशा शेतीला गावठाणात राहून भागते. पेरणी, खुरपणी, काढणी एवढेच दिवस शेतावर मुक्काम. बागायतीला मात्र माणूस रानातच लागतो. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला दारे धरायची. जनावरे वाढतात, गोठा रानात जातो, गोठ्यामागून घर जाते. पानशेत-खडकवासला प्रकल्पानंतर पाणी वाढले, नदीकाठी उपसा योजना झाल्या, ऊस पसरला आणि घरे रानात गेली. शाळा मात्र गावठाणातच राहिली. सात वर्षांच्या पोराला घरापासून शाळेपर्यंत दोन-तीन किलोमीटर चालायची पाळी आली ती अशी. पाण्याचे नियोजन करणाऱ्या खात्याला शाळेशी कर्तव्य नव्हते आणि शाळाखात्याला पाटाशी.

याच भीमथडीत, सुप्याला, १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात गेले. शिरूरकडच्या गावांतही तो वणवा पोचला होता. त्याच्या कारणांची चर्चा बहुधा कापसाचे भाव, सारावाढ आणि कर्जाचे कायदे यांच्याभोवती फिरते आणि ते बरोबरच आहे. पण एक साधी गोष्ट राहून जाते. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदावर जास्त होता, कारण त्या कागदावर काय लिहिले आहे ते निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हते.

गंमत अशी की शाळेचे पैसे हाच शेतकरी त्या आधीपासून भरत होता. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीनमहसुलावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसवला गेला, १८६९ मध्ये त्याला कायद्याचे रूप आले आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला ठरला. म्हणजे सरकारी प्राथमिक शाळा या मुलखात सरकारच्या कृपेने आली नाही, रयतेच्या वर्गणीतून आली. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच आहे. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी कोणतीही भीड न ठेवता मांडले. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्या आणि त्यांना पोटापुरता पगार द्या, असे त्यांचे म्हणणे होते. हे निवेदन आज जयंतीच्या भाषणांत वारंवार येते, पण त्यातला शिक्षकाच्या पगाराचा मुद्दा वक्ते सहसा गाळतात. आपल्याला तो पुढे लागणार आहे.

(जाता जाता: खुटबावच्या पुढच्याच स्टेशनावर, केडगावला, पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात मुक्तिसदन उभे केले. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली-बायका तिथे राहून वाचायला, शिवायला, छापखान्यात काम करायला शिकल्या. आसपासच्या गावांत मुलीने शाळेत जाणे ही नवलाची गोष्ट होती, तेव्हाची ही हकिगत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्यानंतर १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला आणि १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हाती गेल्या. शाळा वाढू लागल्या, आणि वाढल्या तशा त्या लहान गावांकडे सरकू लागल्या.

इथे आपल्या विषयाचा खरा प्रारंभ होतो. १९२९ मध्ये सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीचा अहवाल आला. सायमन आयोगाला जोडून नेमलेली ही समिती. तिने देशभरचे आकडे मांडून दाखवले की पहिलीत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत वीसही पोचत नाहीत. बाकीची गळतात किंवा एकाच वर्गात कुजतात. आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत 'अपव्यय आणि स्थगन' म्हणून जी जोडगोळी पाठ करून घेतात ती या अहवालामुळे रूढ झाली. समितीचा निष्कर्ष असा की शाळांची संख्या वाढवण्यात पैसा वाया जातो आहे. एकशिक्षकी शाळा निकामी आहेत. आधी आहे ते मजबूत करा, विस्तार मागाहून. त्या काळच्या सरकारी भाषेत या धोरणाला दृढीकरण म्हणत. तिजोरीत खडखडाट होता, जागतिक मंदी तोंडावर होती आणि सरकारला हा सल्ला अर्थातच आवडला.

याला सर्वांत धारदार उत्तर एका मराठी माणसाने दिले. रामचंद्र विठ्ठल परुळेकर हे नाव आज शिक्षकांनाही फारसे माहीत नाही. ते मुंबई महापालिकेच्या शाळाखात्यात अधिकारी होते, पुढे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे संचालक झाले. मुंबई इलाख्यातल्या १८२० ते १८३० या काळातल्या देशी शाळांच्या पाहणीचे दप्तर शोधून त्यांनीच ते छापून काढले. पंतोजींच्या शाळा किती होत्या, त्यांत किती मुले होती, हे आपल्याला आज ठाऊक आहे ते त्यामुळे. १९३४ मध्ये त्यांनी सार्वत्रिक शिक्षणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि हार्टॉगची आकडेमोड उलटी करून दाखवली. त्यांचा मुद्दा थोडक्यात सांगायचा तर असा: ज्या देशात बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंडच पाहिलेले नाही, तिथे दर्जाच्या नावाने विस्तार थांबवणे म्हणजे आत असलेल्यांची सोय पाहून बाहेर असलेल्यांना दार लावणे. पैसे कमी असतील तर पाळ्या लावा, वर्ग मोठे करा, कमी शिकलेला शिक्षक घ्या, पण मुलाला शाळेत येऊ द्या. दर्जा नंतर सुधारता येतो. न शिकता मोठे झालेले मूल मात्र पुन्हा लहान होत नाही.

परुळेकरांचे सगळेच मला पटत नाही. कमी शिकलेला, कमी पगाराचा शिक्षक ही त्यांनी अडचणीच्या काळापुरती मान्य केलेली तडजोड पुढे सरकारांच्या अंगवळणी पडली, हे पुढच्या इतिहासात दिसते. पण दर्जा विरुद्ध विस्तार हा वाद त्यांनी ज्या स्पष्टपणे मांडला तसा नंतर कोणी मांडला नाही, आणि आजच्या परिपत्रकांत १९२९ चाच युक्तिवाद नव्या शब्दांत येतो तेव्हा त्यांची आठवण होते.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. बिनशाळेची खेडी हजारोंनी होती आणि बोर्डाची शाळा प्रत्येक ठिकाणी काढायला पैसे नव्हते. म्हणून १९३८ मध्ये स्वयंसेवी शाळांची योजना निघाली: गावकऱ्यांनी किंवा संस्थेने शाळा काढायची, जागा आणि माणूस पाहायचा, सरकार थोडे अनुदान देणार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही योजना उचलली आणि सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्थेने अशा ५७८ शाळा चालवल्या. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत त्या गेल्या. देवळात, धर्मशाळेत, कोणाच्या तरी पडवीत भरत. पुढे त्या स्कूल बोर्डाकडे दिल्या गेल्या. आज साताऱ्याच्या डोंगरभागात जिल्हा परिषदेची म्हणून ओळखली जाणारी कितीतरी शाळा मुळात रयतची स्वयंसेवी शाळा होती. या योजनेचे कौतुक करताना एक लक्षात ठेवावे लागते. लहान वस्तीला शाळा मिळाली, पण पूर्ण पगाराचा मास्तर मिळाला नाही. ही रीत तिथून पडली.

स्वातंत्र्यानंतर लहान शाळेचा सर्वांत समजूतदार विचार केला तो जे. पी. नाईकांनी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतला, कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. हार्टॉगने निकामी ठरवलेली ही शाळा भारतासारख्या विखुरलेल्या वस्तीच्या देशात जाणार नाही, ती राहणार आहे, तेव्हा तिला शिव्या देण्याऐवजी तिच्यात शिकवायचे कसे ते शिक्षकाला शिकवा, अशी त्यांची दृष्टी. एका खोलीत चार इयत्ता बसतात तेव्हा वेळापत्रक कसे करायचे, मोठ्या मुलांनी लहानांना कसे घ्यायचे, कोणता विषय सगळ्यांना एकत्र चालतो. आज बहुवर्ग अध्यापन म्हणतात ते हेच.

कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६) खालच्या प्राथमिक शाळेसाठी घरापासून सुमारे एका मैलाच्या आत शाळा हा दंडक धरला आणि त्याचबरोबर शाळासंकुलाची कल्पना मांडली. ती कल्पना नीट समजून घ्यायला हवी, कारण आज तिचेच नाव घेऊन वेगळे काहीतरी चालू आहे. आयोगाच्या संकुलात लहान शाळा आपापल्या जागी राहणार होत्या. मध्यभागी एक माध्यमिक शाळा, तिच्याकडे प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयांचे शिक्षक. ते शिक्षक, ती साधने आजूबाजूच्या लहान शाळांना मिळावीत, लहान शाळेच्या मास्तराला सोबत मिळावी, एवढाच हेतू. हलायचे होते ते शिक्षकाने आणि साहित्याने. मुलाने नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सातव्या प्रकरणात हीच कल्पना पुन्हा आणली आणि ती कधी नीट अमलात आली नाही याची कबुलीही दिली. त्याच प्रकरणात २०१६-१७ चा आकडा आहे: देशात एकशिक्षकी शाळा १ लाख ८ हजार १७.

मधल्या काळात महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९८७ पासूनच्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली द्यायचे ठरवले. मला वाटते लहान शाळेच्या इतिहासातला हा एकमेव मोठा सरकारी निर्णय आहे ज्यात शाळा लहान म्हणून तिला कमी न देता जास्त दिले गेले.

मग आली वस्तीशाळा. सन २००० नंतर राज्याने ठरवले की ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही तिथे वस्तीशाळा काढायची. दौंड-शिरूरच्या मळ्यांसाठी ही योजना जणू मापाने बेतलेली होती. पाटाच्या पाण्याने जी घरे रानात गेली होती त्यांच्या दारात पहिल्यांदा शाळा आली. कुठे पत्र्याच्या शेडमध्ये, कुठे एखाद्या शेतकऱ्याने दिलेल्या गुंठाभर जागेत. शिकवायला स्थानिक शिकलेला मुलगा किंवा सून, पद 'स्वयंसेवक', मानधन सुरुवातीला महिना एक हजार रुपये. शिक्षण हक्क कायदा आल्यावर वस्तीशाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले, पण त्या स्वयंसेवकांना नियमित सेवेत यायला १ मार्च २०१४ उजाडला. बारा-तेरा वर्षे ही माणसे रोजगार हमीच्या आसपासच्या रकमेवर अक्षरओळख शिकवत होती. त्यांच्या मोर्चांच्या बातम्या जुन्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर सापडतात.

आता वीसच्या आकड्याकडे येऊ. आज 'वीस पटाच्या आतली शाळा' हा शब्दप्रयोग तलाठी ते मंत्री सर्वांच्या तोंडी आहे. तो आला कुठून? महाराष्ट्राने शिक्षण हक्क कायद्याचे नियम ऑक्टोबर २०११ मध्ये केले. त्यांत परिसरातली शाळा म्हणजे काय ते सांगितले आहे: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. आणि शाळा स्थापन करण्यासाठी त्या परिसरात सहा ते अकरा वयाची किमान वीस मुले असावीत. म्हणजे वीस ही नवी शाळा उघडण्याची अट होती. चालू असलेली शाळा वीसच्या खाली गेली तर ती बंद करावी असे त्यात कुठे नाही. उलट मूळ कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत, मग मुले अठ्ठावन्न असोत की आठ. दार उघडण्याचे माप पुढे दार लावण्याचे माप कसे झाले, ते एका आदेशात सापडत नाही. हळूहळू, परिपत्रका-परिपत्रकांतून ते झाले.

त्यात शाळांचाही एक वाटा आहे, तो लपवू नये. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि लाखोंनी बोगस नावे निघाली. पटावर शिक्षक, पटावर अनुदान, पटावर तांदूळ. तेव्हा पट फुगवण्याचा मोह कोणत्या व्यवस्थेला होणार नाही? सर्वाधिक बोभाटा खाजगी अनुदानित शाळांचा झाला. पण तेव्हापासून पट या शब्दालाच संशयाचा वास आला आणि त्याची किंमत ज्यांच्या हजेरीपटावर खरोखर बाराच नावे होती त्यांनीही मोजली.

डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या १३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले दप्तरे परत घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या असे म्हणत शेळ्यांसकट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे परिपत्रक आले. त्यानुसार राज्यात वीसच्या आतल्या शाळा १४ हजार ७८३, त्यांत मुले १ लाख ८५ हजार ४६७ आणि शिक्षक २९ हजार ७०७. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुले आणि शिक्षकामागे सहा. नमुना म्हणून नंदुरबारमधले तोरणमाळ आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातले पानशेत यांची नावे दिली गेली. पानशेतला धरणाकाठच्या विखुरलेल्या गावांतली मुले बसने एका मोठ्या शाळेत येतात. शाळा चांगली आहे. पण मोठी शाळा चांगली असल्याने लहान शाळा बंद करणे योग्य ठरत नाही, आणि ती बस चालवण्याचा खर्च दरवर्षी कोण करणार हा प्रश्न शाळा सुरू होऊन काही वर्षे गेल्यावरच येतो. कोठारी आयोगाच्या संकुलात मास्तर हलणार होता. समूह शाळेत सहा वर्षांचे मूल हलते. नाव सारखे, पण व्यवहार उलटा.

पुढच्या वर्षी १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे नवे निकष आले, ज्यात सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर त्या गटाला स्वतंत्र शिक्षक उरत नाही. आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी, शिक्षकदिनीच, वीस पटापर्यंतच्या शाळेतल्या दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना पंधरा हजारांवर नेमण्याचा शासननिर्णय निघाला. शिक्षकांनी रजा टाकून मोर्चे काढले, मर्यादा वीसवरून दहावर आली. १९३८ चा अनुदानावरचा मास्तर, २००१ चा हजार रुपयांचा स्वयंसेवक, २०२४ चा कंत्राटी शिक्षक. वस्तीवरच्या मुलाच्या वाट्याला पूर्ण पगाराचा माणूस येऊ नये, असे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण शंभर वर्षांत तसे घडत मात्र आले आहे. फुल्यांचा पगाराचा मुद्दा गाळण्याचे कारण कदाचित हेच असेल.

पट कमी का झाला, याची कारणे या भागात सगळ्यांना माहीत आहेत. घरटी मुले कमी झाली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर इंग्रजी शाळांना परवानगी सोपी झाली आणि त्यांच्या पिवळ्या गाड्या थेट वस्तीच्या बांधापर्यंत येऊ लागल्या. गंमत पाहा, बापाला जिल्हा परिषदेची शाळा एक किलोमीटरवर लांब वाटते आणि बारा किलोमीटरवरची इंग्रजी शाळा जवळ, कारण गाडी दारात येते. हा बाप चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. वर्गात शिक्षक दिसला नाही, तो निवडणुकीच्या यादीत, सर्वेक्षणात, ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेला दिसला, तर तोही किती वर्षे वाट पाहील?

उलट उदाहरणही इथलेच आहे. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी ही एक साधी वाडीवरची शाळा. गावकऱ्यांनी जमीन दिली, मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवण्याची तऱ्हा बदलली, आणि शाळेपुढे प्रवेशासाठी रांग लागली. वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. तिथली बंद पडायला आलेली शाळा पुन्हा भरली आणि २०२५ मध्ये तिला लंडनच्या एका संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळाला. पट ही नियती नाही हे यातून दिसते. पण जिल्ह्यात हजारो शाळा आहेत आणि वारे एक. गुणी माणसाच्या जिवावर चाललेल्या शाळेची बातमी होते, धोरण होत नाही. शिवाय एका वाडीची शाळा भरते तेव्हा शेजारच्या दोन वाड्यांचा पट कधीकधी आणखी उतरतो, तेही पाहायला हवे.

पट मोजण्याच्या तारखेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि खुटबावच्या पट्ट्यात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि आता आधार क्रमांक जुळलेलीच नावे धरतात. ऊसतोड सुरू होते दिवाळीच्या पुढेमागे. बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या तेव्हा येतात, कोप्या पडतात, आणि त्यांच्याबरोबर पाच ते बारा वयाची पोरे येतात. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेश, बिहारची कुटुंबे. डिसेंबरात वस्तीवरच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, कोपीत, धाकटे भावंड सांभाळत बसलेली मुले असतात. ती ३० सप्टेंबरला पाटोदा किंवा आष्टीच्या पटावर होती. इथल्या पटावर नाहीत, आणि काहींचे आधार कुठेच जुळलेले नाही. गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, इकडे साखरशाळांचे प्रयोग झाले. पुष्कळ मुलांना त्यांचा उपयोगही झाला. पण ऊसपट्ट्यात, कोपीच्या अगदी जवळ, तयार खोली आणि तयार शिक्षक असलेली जागा म्हणजे हीच वीसच्या आतली शाळा. सप्टेंबरात मोजून तिला रिकामी ठरवायचे आणि डिसेंबरात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण काढायचे, हे एकाच खात्यात चालते. वर्षातून दोनदा पट मोजला आणि हंगामी मुलांचे वजन त्यात धरले तर यांतल्या किती शाळा वीसच्या वर जातील, हे एखाद्या पंचायत समितीला महिनाभरात काढता येईल.

आणि अंतर. नकाशावरचा एक किलोमीटर सरळ असतो. इथला एक किलोमीटर पाटाच्या भरावावरून, रेल्वेमार्ग ओलांडून, कुठे सोलापूर महामार्ग ओलांडून जातो आणि उरलेला उसातून. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि आता दौंडच्या उसात बिबट्या राहतो. वासरे, कुत्री आणि माणसाची मुलेही त्याने नेली आहेत. शाळा हलवण्याच्या प्रस्तावात अंतराचा रकाना असतो, वाटेत काय आहे याचा नसतो. प्रवासभत्त्याची तरतूद आहे, पण भत्त्याने मुलाला सोबत मिळत नाही. अशा वेळी मुलगा बापाच्या मोटारसायकलवर बसून जातो. मुलीचे जाणे आधी अनियमित होते, मग थांबते.

लहान शाळेची मी आरती ओवाळत नाही. सात मुलांच्या शाळेत तिसरीत एकच मूल असते आणि त्याला बरोबरीचे कोणी नसते. दोघांपैकी एक शिक्षक केंद्राच्या बैठकीला गेला की दुसऱ्याने पाचही वर्ग ओढायचे. खेळायला दोन बाजू होत नाहीत. यावर उपाय कोठारी आयोगाने सुचवलेलाच आहे: आठवड्यातून एक दिवस चार वस्त्यांची मुले एका शाळेत, विषयाचे शिक्षक फिरते, मोठ्या शाळेचे ग्रंथालय पेटीतून वस्तीवर. त्याला बस लागते ती आठवड्यातून एकदा, रोज नाही.

शाळा बंद झाली, म्हणजे सरकारी भाषेत समायोजित झाली, की तिचे जनरल रजिस्टर मोठ्या शाळेत जमा होते. दाखल क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण असे त्यातले रकाने. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेली तेव्हा राज्यभर ही जुनी रजिस्टरे बाहेर निघाली, मोडी वाचणारे शोधले गेले आणि एकेका ओळीला किती मोल आहे ते सर्वांना कळले. वस्तीशाळांची रजिस्टरे त्या मानाने कोवळी आहेत, वीस-पंचवीस वर्षांची. पण पाटावरच्या पहिल्या शिकलेल्या पिढीची नावे त्यांतच आहेत, आणि शाळा सोडल्याच्या कारणाचा रकानाही. एका तालुक्याची तरी ही रजिस्टरे हलवाहलवीत गहाळ होण्याआधी कोणी एकत्र करून उतरवून घ्यायला हवीत. दौंडपुरते ते काम मी हाती घेतले आहे. ज्यांच्या शाळेचे दप्तर जागेवर आहे त्यांनी कळवावे.